प्रथम वर्ष भूशास्त्र : नियमपत्रकात खडकालाही जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीनंतरचे प्रवेश पार पडले की विज्ञान शाखेच्या प्रथम वर्षाच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात एक कागद वाचून दाखवला जातो. ७५ टक्के हजेरी अनिवार्य, जर्नल पूर्ण असल्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेस बसता येणार नाही, अंतर्गत चाचणी चुकल्यास वैद्यकीय प्रमाणपत्र आणावे, वर्गात मोबाइल बंद ठेवावा, अशी दहा-बारा कलमे त्यात असतात आणि खाली विद्यार्थ्याची व पालकाची सही घेतली जाते. रसायनशास्त्राचा कागद, वनस्पतिशास्त्राचा कागद आणि भूशास्त्राचा कागद यांत विषयाचे नाव सोडले तर काडीचाही फरक नसतो. भूजलाच्या कामात नोकरी पूर्ण करून निवृत्त झाल्यावर मी काही वर्षे एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर प्रथम वर्षाला भूशास्त्र शिकवते आहे. हा कागद मीही दरवर्षी वाचून दाखवला आणि त्यावर सह्या घेतल्या. त्यात ‘खडक’ हा शब्द एकदाही येत नाही हे माझ्या फार उशिरा लक्षात आले, आणि ते लक्षात आल्यावर स्वस्थ बसवेना म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या वर्गात कोण येते हे आधी सांगायला हवे. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला भूशास्त्र हा विषय आहे, परंतु तो शिकवणारी कनिष्ठ महाविद्यालये मोजकीच असल्याने प्रथम वर्षाला आलेल्या बहुतेकांनी शाळेच्या भूगोलातील अग्निज, गाळाचे आणि रूपांतरित या तीन नावांपलीकडे फारसे काही ऐकलेले नसते. हवा तो विषय न मिळाल्यामुळे इकडे वळलेले अनेक असतात, भूगोल आणि भूशास्त्र एकच समजून आलेलेही दरवर्षी दोन-चार निघतात. नव्या शैक्षणिक धोरणामुळे त्यात आणखी एका गटाची भर पडली आहे, तो म्हणजे मुख्य विषय वेगळाच असून गौण किंवा खुला वैकल्पिक विषय म्हणून दोन श्रेयांकांपुरते (क्रेडिट) भूशास्त्र घेणाऱ्यांचा. यांतले फार थोडे पुढे एम.एस्सी. करतील, त्याहून थोडे केंद्रीय लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिकांसाठीची परीक्षा देतील, आणि उरलेल्या सर्वांचा या विषयाशी औपचारिक संबंध याच वर्गात सुरू होऊन याच वर्गात संपेल. प्रथम वर्षाच्या अपेक्षा ठरवताना हा उरलेला मोठा गट डोळ्यांपुढे असायला हवा. सध्या त्या ठरतात त्या पुढे एम.एस्सी.ला बसणाऱ्या चार जणांच्या सोयीने.

माझी स्वतःची अपेक्षा मी आता एका वाक्यात सांगते. वर्ष संपेल तेव्हा विद्यार्थ्याने आपल्या गावातील एखाद्या विहिरीच्या काठावर उभे राहून वरून खाली काय काय दिसते ते कोणाच्याही मदतीशिवाय पाच-सहा वाक्यांत सांगावे. वरची काळी माती, तिच्याखालचा मुरूम, मग पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या खडक, त्याखाली भरीव काळा पाषाण, दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये असेल तर तांबड्या मातीचा पट्टा, भेगा कोणत्या दिशेने गेल्या आहेत, पाणी नेमके कुठून पाझरते आहे, एवढे त्याला दिसले पाहिजे. राज्याचा बहुतांश भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हांनी व्यापलेला असल्यामुळे हे दृश्य बहुतेक जिल्ह्यांत थोड्याफार फरकाने असेच असते. चंद्रपूरचा विद्यार्थी पाषाणाऐवजी कोळशाच्या थरांबरोबरचा वालुकाश्म सांगेल, रत्नागिरीची विद्यार्थिनी जांभा सांगेल, भंडाऱ्याकडचा एखादा मँगनीजच्या खाणीजवळचे चकाकणारे शिस्ट, म्हणजे पापुद्र्यांचा रूपांतरित खडक, सांगेल. ही अपेक्षा लहान वाटते, पण ती पूर्ण करणारे विद्यार्थी, आणि मी हे लाजून लिहिते, माझ्या पहिल्या दोन तुकड्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते. त्यांची जर्नले मात्र पूर्ण होती आणि हजेरी नियमात बसत होती.

हजेरीपासूनच सुरुवात करते. ७५ टक्क्यांच्या नियमाला माझा विरोध नाही. परंतु व्याख्यानाचा तास आणि प्रात्यक्षिकाचा तास एकाच मापाने मोजण्यात चूक आहे. व्याख्यान चुकले तर मैत्रिणीची वही, पुस्तक, ग्रंथालय यांतून ते बव्हंशी भरून काढता येते. स्फटिकांची प्रारूपे हातात फिरवून सममिती शोधण्याचा किंवा समोच्च रेषांच्या नकाशावरून भूवैज्ञानिक छेद, म्हणजे जमिनीखालच्या थरांची उभी आकृती, काढण्याचा तास चुकला, तर तो झेरॉक्सच्या दुकानात मिळत नाही. श्रेयांक पद्धतीत व्याख्यानाच्या एका श्रेयांकाला १५ तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास धरतात, म्हणजे हाताने करायच्या कामाला दुप्पट वेळ लागतो हे व्यवस्थेनेच मान्य केले आहे. मग हजेरीच्या नियमात तो फरक का दिसू नये? प्रात्यक्षिकांची उपस्थिती वेगळी मोजावी, तिचा निकष अधिक कडक असावा, आणि चुकलेले प्रात्यक्षिक त्याच पंधरवड्यात दुसऱ्या तुकडीबरोबर करून देण्याची सोय त्याच कागदावर लिहिलेली असावी. व्याख्यानांच्या बाबतीत हात थोडा सैल सोडला तरी चालेल. माझ्या वर्गात पहाटेच्या एसटीने दीड-दोन तासांचा प्रवास करून येणारे विद्यार्थी आहेत. गाडी चुकली म्हणून पहिला तास बुडलेल्या मुलाचे नाव महिनाअखेरीस ‘डिफॉल्टर’ यादीत भिंतीवर लागते, आणि तीन तास प्रयोगशाळेत बसून शेजाऱ्याची वही उतरवून काढणारा मात्र नियमाने निर्दोष ठरतो.

वही उतरवण्याचा विषय निघाला आहे तर जर्नलविषयी थोडे सविस्तर लिहिते. प्रात्यक्षिक परीक्षेत पन्नास-साठ ठरावीक नमुन्यांपैकी काही टेबलावर मांडतात आणि विद्यार्थ्याने ते ओळखायचे असतात. मुले यालाच ‘स्पॉटिंग’ म्हणतात. नमुने वर्षानुवर्षे तेच असतात. कोपरा तुटलेला तो अपोफिलाइट, ज्याच्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका उडाला आहे तो हेमेटाइट, अमुक ट्रेमधला सर्वांत जड तो बॅराइट, अशी ओळख मागची तुकडी पुढच्या तुकडीला देऊन जाते. एका वर्षी मी परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याच खनिजांचे दुसरे तुकडे ठेवले. निकाल काय लागला ते सांगत नाही, पण मुलांच्या चेहऱ्यावरचा दगा झाल्याचा भाव मला अजून आठवतो, आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर ते रास्तच होते. नमुने बदलतील असे कोणी त्यांना आधी सांगितलेच नव्हते.

हे सांगणे म्हणजेच अपेक्षा लिहून देणे. परीक्षेतील किमान निम्मे नमुने पूर्वी न पाहिलेले असतील, आणि नाव चुकले तरी निरीक्षणे बरोबर असल्यास बहुतांश गुण मिळतील, हे दोन नियम पहिल्या दिवशी लिहून दिले तर विद्यार्थ्यांची अभ्यासाची पद्धतच बदलते, असा माझा त्यानंतरचा अनुभव आहे. दख्खनच्या पाषाणातील पोकळ्यांत सापडणारे पांढरे स्फटिक घ्या. विद्यार्थी त्या सगळ्यांना एकतर ‘झिओलाइट’ म्हणतात किंवा ‘गारगोटी’. चाकूने ओरखडा उठला, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच फसफसले आणि फोडल्यावर तिरप्या चौकोनी बाजूंचे तुकडे झाले, तर ते कॅल्साइट. चाकू सरकून गेला, काचेवर मात्र चरा उमटला, आम्लाने काहीच झाले नाही, तर ती खरी गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ. फ्रीडरिख मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेली काठिण्यश्रेणी सगळ्यांना पाठ असते. शंखजिरे एक, जिप्सम दोन, कॅल्साइट तीन, असे हिऱ्याच्या दहापर्यंत मुले न अडखळता म्हणतात. आपल्या बोटाच्या नखाचे काठिण्य सुमारे अडीच असल्याने जिप्समवर नखाने ओरखडा उठेल आणि कॅल्साइटवर उठणार नाही, हे करून पाहिलेले मात्र थोडेच असतात. ही श्रेणी केवळ क्रम सांगते, नऊ क्रमांकाच्या कुरुंदापेक्षा दहा क्रमांकाचा हिरा कितीतरी पटींनी कठीण असतो, हा मुद्दाही अशा वेळी आपोआप निघतो आणि लक्षात राहतो.

नमुने कुठून आणायचे, असा प्रश्न विभागातील सहकारी विचारतात, कारण खरेदीसाठी निधी नसतो. भूशास्त्रज्ञ दाराशा वाडिया विसाव्या शतकाच्या प्रारंभी जम्मूच्या महाविद्यालयात शिकवत असताना सुट्ट्यांमध्ये आजूबाजूच्या डोंगरांतून फिरून वर्गासाठी नमुने गोळा करत, हे या विषयाच्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. आपल्याकडे तेवढी पायपीटही नको. प्रत्येक विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुट्टीत आपल्या गावातून एक दगड आणावा, तो कुठे मिळाला, मूळ जागी होता की ओढ्यात वाहून आलेला, हे चिठ्ठीवर लिहावे, आणि वर्षभर त्या दगडाची जबाबदारी त्याच्याकडे असावी, असा नियम मी केला. पहिल्या वर्षी आलेल्या दगडांत वीटभट्टीतील वितळलेल्या विटेचा एक तुकडा आणि डांबरी रस्त्याचा एक तुकडा होता. ते दोन्ही मी जपून ठेवले आहेत, कारण ‘हा खडक नव्हे’ हे सिद्ध करण्यासाठी त्या दिवशी वर्गात जेवढी चर्चा झाली तेवढी नंतर कधी झाली नाही.

आता क्षेत्रभेटीकडे वळते, कारण नियमपत्रकाची सर्वांत मोठी पोकळी तिथे आहे. बहुतेक ठिकाणी प्रथम वर्षाला क्षेत्रभेट ऐच्छिक असते किंवा अभ्याससहल या नावाखाली वर्षातून एकदा बस काढली जाते. पुण्यातून निघालेली बस लोणारला जाते, वाटेत दोन देवळे होतात, विवराच्या काठावर सामूहिक छायाचित्र निघते आणि रात्री उशिरा सगळे परततात. लोणार पाहू नये असे कोण म्हणेल? बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, उल्कापाताने तयार झालेले, सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे हे विवर आपल्या राज्यात आहे हे भाग्यच आहे. पण ज्या विद्यार्थ्याला साधा, न हललेला, आडवा लाव्हाप्रवाह कसा दिसतो हे माहीत नाही, त्याला विवराच्या काठाशी उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेले थर दाखवून काय उपयोग? आधी नेहमीचे पाहिले पाहिजे, मगच वेगळे काय ते कळते. पहिली क्षेत्रभेट महाविद्यालयापासून तासाभराच्या अंतरावरची असावी, आणि ती दगडखाण, रस्त्यासाठी खोदलेला डोंगर, ओढ्याचे पात्र किंवा नव्याने खणलेली विहीर यांपैकी काहीही असू शकते. निघोजला कुकडीच्या पात्रातील रांजणखळगे पाहायला नगर आणि शिरूरकडच्या विद्यार्थ्यांना अर्धा दिवस पुरतो. मुंबईतल्या विद्यार्थ्यांना अंधेरीत गिल्बर्ट टेकडीचे पाषाणस्तंभ लोकलने जाऊन पाहता येतात.

अंतर जवळचे असावे याला पैशांचेही कारण आहे. एका वर्षी सहलीची वर्गणी भरता येत नसल्याने एका विद्यार्थिनीने घरी लग्न असल्याचे खोटे कारण सांगितले आणि अंतर्गत मूल्यमापनातले सहलीचे गुण गमावले. खरे कारण मला निकालानंतर समजले. जिथे गुण आहेत तिथे खर्च महाविद्यालयाने करावा, आणि तसे करता येत नसेल तर एसटीच्या साध्या तिकिटात होईल अशीच भेट गुणांसाठी धरावी, हे कलम मी आग्रहाने मांडते. मुक्कामाची सहल असेल तर ती ऐच्छिक, बिनगुणांची आणि खुशाल आनंदाची असावी. चालण्याची अडचण असलेल्या, आजारी असलेल्या किंवा घरून परवानगी न मिळणाऱ्या विद्यार्थ्यासाठी पर्यायी काम काय असेल हेही आधीच लिहावे, म्हणजे त्याला किंवा तिला प्रत्येक वेळी सर्वांसमोर आपली कहाणी सांगावी लागणार नाही. मुलींच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण पुरुष सहकाऱ्यांना ती सुचत नाही: भेटीच्या वेळापत्रकात स्वच्छतागृह कुठे आणि किती वाजता मिळेल याची नोंद असावी. ते माहीत नसल्याने दिवसभर पाणी न पिता उन्हात चालणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

सुरक्षिततेचे नियम तर कोणत्याही कागदावर सापडत नाहीत. पायांत बूट हवेत, चपला चालणार नाहीत. हातोडी मारताना डोळ्यांवर चष्मा हवा आणि समोर कोणी उभे नको, कारण ताज्या बेसॉल्टच्या कपच्या काचेसारख्या उडतात. घाटात रस्त्याच्या एकाच बाजूने उभे राहायचे, वळणावर थांबायचे नाही, लटकत्या दरडीखाली जायचे नाही, आणि दगडखाणीत सुरुंगाची वेळ विचारल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. नमुना कुठे घ्यायचा आणि कुठे घ्यायचा नाही हाही नियमच आहे. लोणार, गिल्बर्ट टेकडी, लेण्यांचे कातळ किंवा किल्ल्यांचे तट यांवर हातोडी चालवणे शिकण्यात बसत नाही. जिथे खाणीतला माल पडलेला आहे तिथून मूठभर घ्यावा, आणि एका गटाने एकच घ्यावा. भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा, होकायंत्र, दहापट मोठे दाखवणारे भिंग, पेन्सिल आणि टाचणवही एवढे सामान पुरते. टाचणवही जागेवरच भरायची, घरी जाऊन सुवाच्य अक्षरात उतरवायची नाही, आणि गुण त्या मळक्या वहीलाच मिळतील, हे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. थराची नती (तो किती कलला आहे तो कोन) आणि नतिलंब (त्यावरच्या आडव्या रेषेची दिशा) यांचे मापन पावसाने भिजलेल्या पानावर तिरपेतारपे लिहिलेले असले तरी ते त्या विद्यार्थ्याचे स्वतःचे असते.

प्रथम वर्षाच्या मुलांकडून एवढे मागण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा तो भाग देशाच्या तत्कालीन भूकंपप्रवण नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. सुमारे दहा हजार माणसे गेली, ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड छपरे कोसळून. त्याआधी ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला होता आणि ‘आपला पाषाण अढळ आहे’ ही समजूत तेव्हाच जायला हवी होती. कोयनेच्या परिसरात अलीकडे घेतलेल्या तीन किलोमीटर खोल छिद्राने दाखवले की तिथे पाषाण सव्वा किलोमीटरच्या आसपास संपतो आणि त्याखाली त्याच्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइटी खडक लागतो. आंबेगाव तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ ला गाडले गेले, महाड तालुक्यातील तळिये २०२१ च्या जुलैत आणि खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी २०२३ च्या जुलैत. या तिन्ही ठिकाणी तीव्र उतार, त्यावरची झिजलेली माती-मुरूम आणि काही तासांत कोसळलेला प्रचंड पाऊस ही सामग्री जवळजवळ सारखीच होती. उतारावरच्या भेगा, अचानक गढूळ झालेला झरा, कललेली झाडे ही चिन्हे गावकऱ्यांना आधी दिसू शकतात. प्रथम वर्षाला बसलेल्या मुलामुलींतील अनेकजण अशाच गावांतून आलेले असतात, आणि त्यांच्या गावी दुसरा भूशास्त्र शिकलेला माणूस बहुधा नसतोच.

भूजलाचे तर रोजचेच आहे. माझ्या नोकरीच्या काळात नारळ हातावर घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याच्या शब्दावर एका शेतात चार-चार कूपनलिका घेतलेल्या मी पाहिल्या. पाषाणात पाणी साठते ते झिजलेल्या भागात, सांध्यांमध्ये म्हणजे भेगांमध्ये आणि सच्छिद्र थरांत. भरीव पाषाणात कितीही खोल गेले तरी सांधा लागल्याखेरीज पाणी लागत नाही, आणि खोल जाण्यालाही मर्यादा आहे. राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा जास्त खोलीच्या विहिरीला ‘खोल विहीर’ मानून अधिसूचित क्षेत्रात ती घेण्यास बंदी केली आहे. मी वर्गात हे सांगते तेव्हा मागच्या बाकावरून हमखास कोणीतरी विचारतो, ‘मॅडम, मग आमची साडेचारशे फुटी कशी?’ तिथून पुढे तो तास अभ्यासक्रमाच्या बाहेर जातो आणि मी तो जाऊ देते.

भाषेबद्दलही एक कलम हवे. विज्ञान शाखेची पुस्तके आणि प्रश्नपत्रिका बहुतांशी इंग्रजीत असल्याने विद्यार्थी पारिभाषिक शब्द पाठ करतात, आणि ज्यासाठी तो शब्द आहे ती वस्तू रोज पायाखाली असूनही दोन्हींची गाठ पडत नाही. विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तोच पुस्तकातला ॲमिग्डलॉइडल बेसॉल्ट, हे एकदा सांगितले की काही चेहरे उजळतात. कोकणातील मुलांना लॅटराइट शिकवताना घराच्या चिऱ्यापासून सुरुवात केली तर अर्धे काम झालेले असते. इंग्रजी नावसुद्धा ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच आले आहे. जर्नल आणि टाचणवही मराठीत लिहिण्याची मुभा असावी, पारिभाषिक संज्ञा दोन्ही भाषांत यावी, आणि गावात त्या खडकाला काय म्हणतात याचा रकाना असावा. इंग्रजी कच्चे आहे म्हणून निरीक्षण कच्चे धरले जाऊ नये.

मोबाइलबंदीचे कलम भूशास्त्रात फारसे चालत नाही. क्षेत्रभेटीत तोच फोन स्थाननिश्चितीसाठी आणि छायाचित्रासाठी लागतो. छायाचित्रावरून खडकाचे नाव सांगणारी ॲप आणि तयार उत्तरे लिहून देणारी संगणकी साधने आता प्रत्येकाच्या खिशात आहेत. ती वापरली तर वापरली असे लिहावे, एवढाच माझा नियम आहे. छायाचित्रावरून कस, म्हणजे खनिजाच्या भुकटीचा रंग, घासून पाहता येत नाही. काळा दिसणारा हेमेटाइट पांढऱ्या फरशीवर घासला की तांबूस रेघ उठते आणि मॅग्नेटाइटची काळी, हे हातानेच करावे लागते. उशिरा आलेल्या सबमिशनबाबत मी कडक आहे, कारण वर्षअखेरीस आठ दिवसांत भरलेली जर्नले मी तपासून कंटाळले आहे. दर प्रात्यक्षिकाचे लेखन त्याच आठवड्यात, नाहीतर गुण कमी, आणि वर्षातून दोनदा कारण न विचारता सवलत.

विद्यार्थ्यांवर एवढी कलमे लादताना शिक्षकांची बाजूही त्याच कागदावर यायला हवी. जर्नल किती दिवसांत तपासून परत मिळेल, गुण कसे दिले ते कोठे पाहता येईल, शंका विचारायला शिक्षक केव्हा उपलब्ध असतील, सत्रभराची प्रात्यक्षिके कोणत्या तारखांना आहेत, हे लिहिले म्हणजे आपणही बांधले जातो. भरतीअभावी विभाग तासिकांवर चालतात, तीस जणांत दोन सूक्ष्मदर्शक असतात, प्रयोगशाळा साहाय्यक निवृत्त झाला की जागा रिकामी राहते, या अडचणी मी रोज पाहते आणि त्या खोट्या नाहीत. पण विद्यार्थ्याला हजेरीचा नियम लावताना आपण त्याच्या एसटीची अडचण ऐकून घेत नाही, तर आपल्या अडचणी त्याच्या माथी मारण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे याचा विचार व्हावा.

शेवटी विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांकडे एक अगदी व्यावहारिक विनंती. पहिले सत्र पावसाळ्यात येते. डोंगरउतार गवताने झाकलेले असतात, कातळावर शेवाळ असते, घाटांत दरडी पडत असतात, आणि तरीही वर्षाविहाराच्या उत्साहात अनेक विभाग जुलै-ऑगस्टमध्येच भेट उरकून घेतात. प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिकांतील क्षेत्रकामाचे सर्व तास दुसऱ्या सत्रात ठेवावेत आणि पहिल्या सत्रात खनिजे व नकाशे यांवर काम व्हावे. जानेवारीपर्यंत गवत वाळलेले असते, ऊन अजून चढलेले नसते, आणि विहिरींचे पाणी हात-दोन हात उतरल्याने कडेचे थर उघडे पडू लागतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त भूजलतज्ज्ञ व तासिका तत्त्वावरील अध्यापिका,
पुणे जिल्हा